तांबड्या घोडीची बिअर

कॉर्व्हिन, मोंटाना
१४ ऑक्टोबर २०१२

लाइल,

'प्रिय' लिहायला गेले, पेन अडलं. राहू दे तसंच.

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू न उघडताच टाकून देशील, म्हणून पत्ता टाइप केला. जन्म टपाल कचेरीच्या खिडकीत गेला माझा. कोण कुणाचं पत्र न वाचता केरात टाकतं ते मी रोज बघत होते. तर उघडलंस, बरं झालं.

काम छोटं आहे. 'सॉरेल' कशी करायची ते मला सांग.

हसू नकोस. स्वतःच्या लग्नात शॅम्पेनला नुसते ओठ लावून ग्लास खाली ठेवणारी तुझी भावजय म्हातारपणी तळघरात बिअर आंबवतेय. इथला हिवाळा किती लांबतो ते तुला आठवत असेल. ॲरिझोनाच्या उन्हात विसरलाही असशील. कुणी गोधड्या शिवतं, मी हे धरलंय. मिसुलाला घरी बिअर करणाऱ्यांसाठी एक दुकान आहे, तिथून मोठं पातेलं, झाकणाची बादली, नळ्या, बाटल्यांना बुचं बसवायचं यंत्र, सगळं आणलं. कुठलीही बिअर केली असती. पण या घरात नाव निघतं ते एकाच बिअरचं, तू आणि आर्नीनं मिळून काढलेल्या. आणि ती आता कुठल्याच दुकानात मिळत नाही. तू कारखाना विकलास आणि घेणाऱ्यांनी वर्ष सरायच्या आत ती बंद केली.

बघ, हे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

पहिल्या खेपेला रंग छान आला, तांबूस, तुमच्या लहानपणीच्या त्या घोडीच्या पाठीसारखा. तिचंच नाव ना आर्नीनं बिअरला दिलं होतं? पण चव गुळचट. आर्नीनं घोट घेतला आणि मला म्हणाला, "खोकला कुणाला झालाय?"

आर्नी बरा आहे. नदीवर जातो, मासे धरतो. दुपारी झोपतो, म्हणून दुपारी लिहितेय. मी तुला लिहिलंय हे त्याला ठाऊक नाही, तेव्हा फोन करू नकोस. कृती कागदावर उतरव आणि पाठव, बस.

व्हर्ना

४ नोव्हेंबर

लाइल,

कार्ड मिळालं. निवडुंगाचं चित्र सुंदर आहे. मागे तू लिहिलंयस, 'आर्नीला विचार. त्याला सगळं येतं.'

त्याला विचारता आलं असतं तर तुझ्यापुढे मी शब्द टाकला असता का? तो सांगत नाही. हट्टी आहे, तुला माहीत आहे. तूही त्यातलाच. तुमच्या आईनं दोघांना कुठल्या दगडावर घडवलं कोण जाणे.

तू पाठ फिरवलीस म्हणून मी दुकानवाल्या ग्रेडीकडे गेले. दाढी छातीपर्यंत, आवाज मात्र चर्चमधल्या मुलीचा.

"सॉरेल?" तो म्हणाला. "आजी, ती पिऊन तर मी कॉलेज नापास झालो! तुम्हाला कृती मिळाली तर पहिली मला सांगा."

"मिळाली असती तर तुझ्या दारात कशाला आले असते? आणि आजी कुणाला म्हणतोस?"

त्यानं मग आठवून आठवून अंदाज बांधला. सातूला मोड आणून भाजला की त्याचा माल्ट होतो, एवढं मला एव्हाना कळलंय. त्यातला बराचसा साधा, थोडा जास्त भाजलेला, थोडा बिस्किटाच्या वासाचा, असं त्यानं तीन पोत्यांतून काढून दळून दिलं. हॉप्सची वाळकी फुलं अगदी बेतानं. "कडू नव्हती ती," तो म्हणाला, "पण गोडही नव्हती. तिच्यात काहीतरी होतं, मला नाव देता येत नाही." मलाही ते नाव माहीत नाही. तुला माहीत आहे, आणि तू निवडुंग पाठवतोस.

ती खेप नासली. व्हिनेगर झालं. बादलीचं झाकण कुणीतरी उघडलं होतं आणि आत आर्नीचा लोकरी हातमोजा तरंगत होता. तो तिथे कसा गेला ते विचारू नकोस. तळघराला मी आता कुलूप घालते.

त्यानं तीही चाखली. चाखू नको म्हणत होते. "हे कुणाचं मूत आहे?" म्हणाला आणि ग्लास भिंतीवर फेकला. पूर्वी तो असा नव्हता हे तुला सांगायला नको.

कृती पाठव, लाइल. मी भीक मागणाऱ्यांतली नाही.

व्हर्ना

३० नोव्हेंबर

लाइल,

फोन करू नकोस म्हटलं होतं. तू केलास, तोही थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, आणि नेमका त्यानं उचलला. मी टर्की भट्टीतून काढत होते, दोन्ही हात अडकलेले. त्याचं बोलणं ऐकत तशीच उभी राहिले.

"शेंबड्या! मेला होतास कुठे? आम्ही ताटं मांडून बसलोय तुझ्यासाठी. येताना सॉरेलचा खोका आण रे, व्हर्नानं काहीतरी घाण करून ठेवलीय. आणि हळू चालव, पुलावर बर्फ आहे."

तू काय बोललास ते मला ऐकू आलं नाही. काही बोललास की नाही, तेही माहीत नाही. त्यानं फोन ठेवला आणि कपाटातून एक ताट जास्तीचं काढलं. तू येईपर्यंत कुणाला खाऊ देईना. सॉल्व्हेग आली होती नवऱ्याला घेऊन; बापाला तसं बघून ती न्हाणीघरात जाऊन रडून आली. टर्की गार झाली.

आणि आता तुझं पत्र. आजवर तू लिहिलेल्यांतलं सगळ्यात लांब असेल. खाली कोपऱ्यात विचारलंयस, 'त्यानं मला माफ केलं का?'

नाही, लाइल. तो विसरलाय.

नदीवर जातो ते मी खोटं लिहिलं. त्याला एकट्याला आम्ही फाटकाबाहेर सोडत नाही. वसंतात एकदा तो जेवणाचा डबा घेऊन निघून गेला. तुमच्या जुन्या कारखान्याच्या जागी आता टायरचं दुकान आहे, तिथे दारासमोर उभा राहिलेला पोलिसांना सापडला. आत कामाला लागलेल्या माणसाला शिव्या देत होता की टाक्या कुठे नेल्यास. त्या टाक्या त्यानं स्वतःच्या हातानं जोडल्या होत्या, डेअरीतल्या भंगारातून. स्टोव्हची बटणं मी काढून खिशात ठेवते. सॉल्व्हेगला तो कधी तुमची आई समजतो. मला बहुतेक ओळखतो. बहुतेक, असं लिहिते.

डॉक्टर म्हणतात, अलीकडचं आधी पुसलं जातं. तर ते पुसलं गेलं. तू कारखाना विकलास ती बातमी त्यानं न्हाव्याच्या खुर्चीत बसून पेपरात वाचली होती. डोकं एका बाजूनं कापलेलं आणि दुसरी बाजू तशीच, असा रस्ताभर चालत घरी आला होता. कागद तुझ्या नावावर होते, तुला हक्क होता, ते सगळं मला वकिलानं समजावलं. पण भावाला आधी सांगायला काय झालं होतं? तो त्या दिवसापासून तुझं नाव घेईना. आणि आता बघावं तर दिवसभर तुझंच नाव. लाइल कधी येतो, लाइलला विचार, लाइलला ठेव थोडं.

तुझ्यावरचा राग या घरात आता मी एकटी वागवतेय. ज्याचा होता तो मोकळा झाला.

तो दुसरं काही मागत नाही, फक्त सॉरेल मागतो. बाजारात मिळतात तेवढ्या तांबूस बिअर आणून झाल्या. घोट घेतो आणि माझ्याकडे असा बघतो, जणू मी त्याला फसवतेय. औषधांबरोबर एखादा ग्लास चालेल असं डॉक्टरांनी सांगितलंय. मार्चपासून मिसुलाच्या वृद्धाश्रमात त्याला जागा मिळतेय, सॉल्व्हेगनं ठरवलंय आणि माझ्यात आता नाही म्हणायची ताकद नाही. तिथे बिअर देत नाहीत. त्याआधी एकदा त्याला ती मिळावी, एवढंच मला पाहिजे.

तू येऊ नकोस. मला फक्त कृती पाठव.

व्हर्ना

१६ डिसेंबर

लाइल,

तुझी पानं मिळाली. एवढं नीट समजावून लिहिता येतं तुला, मग पूर्वी का नाही लिहिलंस, असं मनात आलं. ते जाऊ दे.

ग्रेडीला वाचून दाखवलं. तुम्ही पहिला दाट रस वेगळा काढून लहान पातेल्यात आटवत होता, हे ऐकल्यावर त्यानं दाढीत हात घातला आणि नुसता "अरे देवा" म्हणाला. त्याला ज्याचं नाव देता येत नव्हतं ते एवढंच होतं.

शुक्रवारी केली. सॉल्व्हेगला बोलवणार होते, नाही बोलावलं. सकाळी आर्नीला खुर्चीत बसवलं, हातात कॉफी दिली आणि माल्ट गरम पाण्यात भिजत घातला. वास सुटला तसा तो उठला. मला वाटलं बाहेर जायचंय त्याला. तो आला, माझ्या हातातून पळी काढून घेतली आणि ढवळायला लागला. तळापासून, सावकाश, मधेच थांबून बोट बुडवून बघत. मला म्हणाला, "आच कमी कर." लाइल, मी तशीच खिशातून बटण काढून लावलं आणि आच कमी केली.

लहान पातेल्यातला रस आटून काकवीसारखा झाला, बुडबुडे जड यायला लागले. मी काढायला गेले. "थांब," तो म्हणाला. "अजून नाही." मी घड्याळ बघत होते, तू लिहिलेली वेळ होऊन गेली होती. तो वाकून वास घेत उभा. मग म्हणाला, "आता." मी मोठ्या पातेल्यात ओतलं आणि अख्खं घर तुमच्या कारखान्यासारखं वासानं भरलं. त्या दिवशी त्यानं मला एकदाही विचारलं नाही की आपण कुठे आहोत.

संध्याकाळी बादली तळघरात ठेवली, कुलूप घातलं. आता बुडबुडे जोरात येताहेत. मी खाली जाऊन ऐकत बसते. नाताळानंतर बाटल्या भरीन, मग दोन-तीन आठवडे त्या तशाच ठेवायच्या, असं ग्रेडी म्हणतो.

पातेलं घासताना आर्नी शेजारी फडकं घेऊन उभा होता. म्हणाला, "लाइलशिवाय उघडायची नाही हं." मी हो म्हटलं.

तेव्हा मागच्या पत्रातलं 'तू येऊ नकोस' खोडून टाक. जानेवारीच्या अखेरीस ये. मी तुझ्याशी फार गोड बोलेन असं समजू नकोस. बैठकीतल्या सोफ्यावर झोपायची सोय करीन म्हटलं तर तू नको म्हणशील, म्हणून गावातल्या मोटेलात खोली ठेवते.

व्हर्ना

३० जानेवारी २०१३

प्रिय लाइल,

तू होतास इथे, तुला सगळं ठाऊक आहे. तरी मी लिहितेय. तू गेलास ते वेगळंच काहीतरी मनात घेऊन गेला असशील, आणि तू गेल्यानंतरचं तर तुला माहीतच नाही.

तुला दारात बघून तो ज्या तऱ्हेनं हसला, ते हसू मी किती दिवसांनी पाहिलं. "जाडा झालास की रे!" तुझी टोपी काढून टक्कल बघितलं आणि हसून हसून त्याला ठसका लागला. तू खाली मान घालून उभा होतास. तुझ्या हातात फुलं होती, ती कुणाला द्यायची ते तुला सुचेना. मी स्वयंपाकघरातून बघत होते. त्या क्षणी माझा राग गेला, हे तुला सांगायचं राहिलं.

बाटली तूच उघडलीस. फेस बरोबर आला. तू वास घेऊन माझ्याकडे बघून मान हलवलीस, आणि मी सत्तर वर्षांची बाई शाळेत पहिली आल्यासारखी लाजले.

त्यानं पहिला घोट घेतला. मग दुसरा. मग ग्लास खिडकीकडे धरून उजेडात पाहिला. "हीच," म्हणाला. मला वाटलं, झालं. जे पाहिजे होतं ते झालं. तू डोळे पुसत होतास, म्हणून त्याचा चेहरा बदलला तो तू पाहिला नाहीस, मी पाहिला. आतून कुणीतरी दिवा हातात घेऊन वर येत असावं, तसा. त्यानं ग्लास ठेवला आणि तुझ्याकडे बघितलं. आल्यापासून तुला तो बघत होता, पण हे बघणं निराळं होतं.

"तू ती विकलीस," तो म्हणाला.

"आर्नी..."

"माझ्या घोडीचं नाव विकलंस. मला न्हाव्याकडे कळलं. न्हाव्याकडे, लाइल! सगळे आरशातून माझ्याकडे बघत होते."

तू म्हणालास, "मी सांगणार होतो." नसतं म्हटलंस तर बरं होतं.

"चालता हो."

तू माझ्याकडे पाहिलंस. मी काय करणार होते? किती दिवसांनी माझा नवरा समोर उभा होता, आणि तो बरोबर होता. मी तुला थांबवलं नाही.

दार लागलं. तो धपकन खाली बसला. मला म्हणाला, "व्हर्ना, मला काय झालंय?"

खोटं बोलणार होते. पण तोच होता तो, अगदी तोच. मग मी सगळं सांगितलं. आजाराचं नाव, टायरचं दुकान, स्टोव्हची बटणं, मार्चमधली जागा. त्यानं माझा हात धरून ऐकून घेतलं. "तुला फार त्रास दिला का?" असं विचारलं. मी म्हटलं, "ग्लास फेकलास माझ्या अंगावर." "लागला?" "नाही. नेम चुकला." तो हसला. लाइल, आम्ही बोलत बसलो. सॉल्व्हेगच्या जन्माच्या वेळचं, त्या वादळात गाडी अडकल्याचं, कशाकशाचं. बाहेर अंधारून आलं तरी दिवा लावायला उठायची मला भीती वाटत होती.

मग तो एकदम म्हणाला, "लाइल कुठे उतरलाय?"

"मोटेलात."

"माझा कोट दे. त्याला सांगायचं राहिलं."

"काय सांगायचं राहिलं?"

"ते मी त्यालाच सांगेन. तू मधे पडू नकोस."

कोट दिला. त्यानं बटणं स्वतः लावली, सगळी. मी मोटेलात फोन केला. तिथली बाई म्हणाली, ते गृहस्थ मघाशीच खोली सोडून गेले. तुझा मोबाइल मी पुन्हा पुन्हा लावला, तो लागेना. तू डोंगरात असशील. मी मोटारीची किल्ली शोधली, म्हटलं महामार्गावर गाठू. किल्ली घेऊन परत आले तर तो खिडकीपाशी उभा होता, कोट घालून, टोपी हातात.

मला म्हणाला, "आपण कुठे निघालोय?"

मी किल्ली टेबलावर ठेवली. मग म्हटलं, "कुठेच नाही." आणि बटणं काढायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी त्याला पुन्हा ग्लास भरून दिला. त्याच खोक्यातली, तशीच थंड. उजेडात धरलीसुद्धा मी त्याच्यासमोर. त्यानं सगळी प्यायली. म्हणाला, "छान आहे. कुणी केली?"

व्हर्ना

१७ मार्च

प्रिय लाइल,

तू तीन पत्रांत एकच प्रश्न विचारलायस. त्याला काय सांगायचं होतं?

मला माहीत नाही. मला सांगितलं नाही त्यानं. तुझ्या समाधानासाठी मी काहीतरी गोड रचून लिहिलं असतं आणि तू विश्वासही ठेवला असतास. खोटं मला जमतं, हे तू पाहिलंयस. पण ते त्याचं बोलणं होतं, त्यात माझं घालायला हात धजत नाही. शिव्याच द्यायच्या राहिल्या असतील कदाचित. कोट घालण्याची घाई मी पाहिली, तेवढी मी तुला सांगू शकते. त्यावरून काय समजायचं ते तू समज.

त्याला पहिल्या तारखेला मिसुलाला नेलं. खोली चांगली आहे, खिडकीतून नदी दिसते. सॉरेल तो मागत नाही आता. कसलंच काही मागत नाही. पहिल्या आठवड्यात मला 'बाई' म्हणायला लागला, अगदी अदबीनं. उरलेल्या बाटल्या मी ग्रेडीला देऊन टाकल्या. एक त्यानं माझ्यासमोर उघडली, प्याला आणि बराच वेळ दाढी पुसत राहिला. मी घेतली नाही.

तिथे डेस्मंड नावाचा एक परिचारक आहे, पन्नाशीचा, दाराच्या चौकटीएवढा. काल तो जेवणाचं ताट घेऊन आला तेव्हा आर्नीनं त्याची बाही धरली. "लाइल," म्हणाला, "बस."

डेस्मंडनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो पलंगाच्या कडेवर बसला. आर्नी काहीच बोलला नाही. त्याची बाही धरून ठेवली आणि नदीकडे बघत राहिला. ताटातलं सूप गार झालं. बाहेर घंटा वाजत होती, डेस्मंडला कुणीतरी बोलावत होतं, तरी तो बिचारा उठला नाही.

नंतर बाहेर आल्यावर मी त्याचे आभार मानले. तो म्हणाला, "मला काही करावंच लागलं नाही, मिसेस टोलेफसन. नुसता बसलो."

तेवढं तुला येईल, लाइल. ये.

व्हर्ना